भोंग्यावरचे सात रविवार

रविवार, ६ जानेवारी १९७४

वही कॉलेजसाठी घेतली होती. पहिली चार पानं फाडून टाकली, त्यांवर अर्थशास्त्र होतं.

आजपासून ग्रामपंचायतीचा रेडिओ माझ्या ताब्यात. हुद्दा: श्रोता मंडळाचा चिटणीस. पगार नाही, खोलीची किल्ली आहे. सरपंच भगवानराव किल्ली देताना म्हणाले, “कॉलेज सोडून हिंडायलासच, तर ह्यो भोंगा तरी सांभाळ. गावभर भांडण्यापरीस एका जागी बसून भांड.”

मी भांडत नाही. लोक वेडंवाकडं बोलतात आणि मी ऐकून घेत नाही, एवढंच. कॉलेजही मी भांडणामुळं सोडलेलं नाही. वर्गात एका सरांची नक्कल केली. सर दारात उभे आहेत हे मला कुणी सांगितलं नाही. ते म्हणाले, माफी माग. मी म्हणालो, नक्कल हुबेहूब झाली की नाही ते आधी सांगा. यात भांडण कुठं आलं? पुस्तकं उचलली आणि दुपारच्या एस.टी.नं परभणीहून गावी आलो. त्याला दोन महिने झाले. दादा तेव्हापासून पोटच्या पोराशी बोलत नाहीत. जेवताना “भाकर घे” म्हणतात, तेही भाकरीकडं बघून.

पंचायतीच्या खोलीत फळीवर सेट, खाली बॅटरी आणि दवंडीचा माईक, बाहेर लिंबाच्या झाडावर भोंगा. दार लावून आत मी, बाहेर ओट्यावर गाव. रविवारी परभणी केंद्रावर सगळ्यांसाठी काही ना काही असतं. आधी चिंतन, मग बातम्या, लहान मुलांचा कार्यक्रम, महिलांचा, एखादी श्रुतिका, शेतकऱ्यांसाठी हवामान न् बाजारभाव, शेवटी श्रोत्यांची पत्रं. आणि प्रत्येकजण आपला कार्यक्रम येईपर्यंत दुसऱ्याच्या कार्यक्रमात बोलत बसतो. चिंतनात वक्ते राग सोडा असं सांगत होते, तर ओट्यावरून म्हाताऱ्या कडूबाई म्हणाल्या, “ह्या बाबाला आठ दिस माझ्या सुनंसंगं ठिवा, मग बगू.”

दत्तराव गुरुजींची सत्यशीला आली होती. गुरुजींनी आम्हा दोघांना एकाच फळ्यासमोर बसवून चौथीपर्यंत शिकवलं. आता ती मॅट्रिक होऊन बालवाडी चालवते. कडूबाईंनी विचारलं, “गुर्जीनं टान्जिस्टर घेतलाय की, मंग तू हितं कामून?” तर म्हणाली, सेल उतरलेत.

सेल उतरले हे माझं नशीब. प्रेम करणाऱ्या माणसाला सेलचे उपकार मानायची पाळी यावी, याहून वाईट काय? ती महिलांच्या कार्यक्रमासाठी येते. माझं तिला काही नाही. खिडकीकडं आज तिनं जेमतेम अकरा वेळा पाहिलं असेल, तेही बहुतेक चौकटीवरच्या पालीकडं.

मंगळवार, ८ जानेवारी

बालवाडीच्या दारात सत्यशीला भेटली. काही बोलली नाही. म्हणजे, रविवारी तू किती वाजता खोली उघडतोस आणि बंद केल्यावर कुठं जातोस, एवढं विचारलं. तिला वेळापत्रकाची फार काळजी. गुरुजींची मुलगी शोभते.

रविवार, १३ जानेवारी

संपलं सगळं.

महिलांचा कार्यक्रम रंगात आला होता. भगवानराव दार ढकलून आत आले. “दिल्ली लाव.” मी म्हणालो, अर्धा तास थांबा. “सरपंच कोण हाय?” मी म्हणालो, सरपंच तुम्ही, पण चिटणीस मी. त्यांनी बटण पिरगाळलं, मी उलटं पिरगाळलं. बाहेर भोंग्यातून आधी लोणचं, मग दिल्ली, मग लोणचं, मग मांजरं भांडल्यासारखा आवाज. शेवटी “तुझं डोकं लय गरम हाय, त्याच्यावर भाकरी भाजतील” असं म्हणून ते गेले.

त्यानंतर मी सेटला एक बुक्की मारली. खरं तर ती भगवानरावांची होती. पण ते सरपंच आहेत आणि सेट जवळ होता.

सेट गप्प झाला. बाहेर जाऊन सांगितलं, बॅटरी उतरली.

सोमवार, १४ जानेवारी

सेट पोत्यात घालून परभणीला नेला. दुकानदार आत डोकावून म्हणाला, “पडला का?” मी म्हणालो, हो. “बुक्कीसारखा पडलाय.” आतला एक व्हॉल्व्ह फुटलाय, तो मुंबईहून येणार, महिना तरी लागेल.

महिना! भगवानरावांना कळलं तर किल्ली जाईल. किल्ली गेली तर खोली गेली, खिडकी गेली, रविवार गेला. मी आहेच काय त्या खिडकीशिवाय? अर्धवट बी.ए. आणि दादांच्या भाकरीला भार.

फळीवर बिस्किटांचा मोठा रिकामा डबा ठेवून त्यावर सेटचं कापड टाकलं. लांबून बरा दिसतो.

रविवार, २० जानेवारी

आधी लिहून ठेवतो. आज मी रेडिओ झालो.

सकाळी ओटा भरलेला. सत्यशीला पुढच्याच रांगेत. बॅटरी भरून आणली होती, माईक चांगला होता. नव्हता फक्त रेडिओ. भगवानराव ओरडले, “आरं लाव की!” आणि माझ्या तोंडून निवेदकाच्या खर्जात शब्द निघाले, “नमस्कार. श्रोतेहो, ऐका आजचं चिंतन.”

चिंतनासाठी आमच्या प्राचार्यांचा आवाज काढला. विषय सुचेना, म्हणून रागावर बोललो. राग हा माणसाचा शत्रू आहे, ही ओळ इतकी चांगली जमली की दोनदा म्हटली. मग सरळ बातम्या. बातम्या चार दिवसांच्या शिळ्या वर्तमानपत्रातून, पण आवाज ताजा.

तेवढ्यात खिडकीच्या गजातून एक चिठ्ठी आत पडली. सत्यशीलाचं अक्षर. “बातम्यांच्या आधी पिप् पिप् वाजतं. ते राहिलं.”

तिनं ओळखलं! बाकी कुणीच नाही, फक्त तिनं. मी माईकसमोर तोंडानं सहा वेळा पिप् केलं आणि बातम्या पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. पुढं बाजारभावांत सगळे भाव स्थिर आहेत असं सांगितलं. स्थिर भावावर कुणी तक्रार करत नाही.

कार्यक्रम संपवून बाहेर आलो. कडूबाई म्हणाल्या, “आज रेडिओला पडसं झाल्यावानी वाटलं.” मी म्हणालो, हवेमुळं. “आन् त्याची बोली आपल्याच हिकडची वाटली.” मी म्हणालो, परभणीचंच केंद्र आहे ना. पटलं त्यांना. भोळी माणसं.

सत्यशीला जाता जाता म्हणाली, “चिंतन बरं होतं. बोलणाऱ्यानंही ऐकायला पाहिजे.” चुका काढायचा तिचा स्वभावच आहे. चिठ्ठीही त्यातलीच. उगाच आशा धरायला नको.

बुधवार, २३ जानेवारी

दारावरच्या पत्रपेटीत एरवी महिन्याला दोन पत्रं पडायची, ती मी परभणीला पाठवायचो. तीन दिवसांत चौदा आली. लोकांना रेडिओची एकाएकी एवढी गोडी कशी लागली, कळत नाही.

कडूबाईंचं पत्र सत्यशीलानं लिहून दिलंय: “आमचा म्हातारा माझं ऐकत नाही. रेडिओचं ऐकतो. रेडिओनं त्याला नाव घेऊन विडी सोडायला सांगावं. जरा दरडावून सांगावं.”

संध्याकाळी गुरुजींच्या दारावरून आलो. त्यांच्या घरातून गाण्याचा चांगला खणखणीत आवाज येत होता. गावात तिसरा सेट कुणी आणला कोण जाणे.

रविवार, २७ जानेवारी

आज महिलांच्या कार्यक्रमाचे कागद सत्यशीलानं खिडकीतून दिले. तीन पानं, स्वतः लिहिलेली. मूल रडलं तर त्याला बागुलबुवा दाखवू नये, मुलगी शाळेत जाते म्हणून धाकट्याला तिच्या कडेवर देऊ नये, असं बरंच. मी रेडिओवरच्या ताईंचा बारीक आवाज काढून वाचलं. कार्यक्रमाचा परिणाम खोल झाला. बायका पदर तोंडात धरून ऐकत होत्या. दोघीतिघींच्या डोळ्यांतून तर पाणी वाहत होतं.

कडूबाईंच्या म्हाताऱ्याला नाव घेऊन विडी सोडायला सांगितलं. तो जागेवरच उठून उभा राहिला.

मग हवामान. भगवानराव सकाळीच म्हणाले होते, “बुक्क्या मारून बॅटरी भरत नसती बरं.” त्यांना बुक्कीचं कसं कळलं? की सहज बोलले? काही का असेना, माझं डोकं फिरलं. मी जाहीर केलं, “येत्या दोन दिवसांत पावसाची शक्यता आहे. ओढ्याच्या काठी, मोठ्या पिंपळाखाली ज्यांच्या तुरीचे ढीग आहेत, अशा शेतकऱ्यांनी ते ताबडतोब झाकून घ्यावेत.”

पिंपळाखाली एकच ढीग आहे. भगवानराव धोतराचा सोगा धरून पळाले. मी खिडकीतून पाहिलं आणि फार समाधान वाटलं. सत्यशीलानं मात्र कपाळाला हात लावला. तिला डोकेदुखीचा त्रास असावा.

बुधवार, ३० जानेवारी

काल दुपारपासून भुरभुर पाऊस. ऐन थंडीत!

ताडकळसच्या बाजाराला निघालेले भगवानराव वाटेत थांबले. “सगळ्यांच्या तुरी भिजल्या, माझी वाचली. तुज्या रेडिओचं लय बरोबर असतंय.” मी म्हणालो, माझा कुठं, सरकारचा आहे. ते लुगड्यातल्या बाईसारखे गालात हसले. पांढऱ्या मिशांखाली ते हसू शोभत नाही.

रविवार, ३ फेब्रुवारी

आज श्रुतिका. राजा, राणी, प्रधान आणि घोडा, चारही मीच. कथा सत्यशीलाची: राजा फार तापट असतो, राणी त्याला सांगायला बघते की माझं तुझ्यावर मन आहे, पण तो दर वेळी दुसऱ्याच कुणावर तरी चिडून घोड्यावर बसून निघून जातो. शेवटी घोडाच त्याला समजावतो. कल्पना बालिश आहे, पण बालवाडीवर असल्यामुळं असं सुचत असेल. राजा इतका मठ्ठ कसा, एवढंच मला पटलं नाही. तसं मी मागच्या पानावर लिहून कागद परत केले. तिनं वाचलं, कागदांची सुरळी केली आणि गजावर आपटली.

आज गुरुजी स्वतः आले होते. शेवटी मला म्हणाले, “चंद्रभान, घोड्याचं काम कुणी केलं रे?”

“निवेदनात नाव सांगितलं नाही, गुरुजी. केंद्रावरचाच कुणी कलाकार असेल.”

“चांगला होता. राजापेक्षा घोड्याला अक्कल जास्त.” मग काठी टेकत थोडं पुढं जाऊन वळले. “पत्रांना उत्तरं देतात ना अजून?”

देतात म्हणालो.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

पेटीत एक गंभीर पत्र आलंय. इथं उतरवून ठेवतो.

“महोदय, माझी मुलगी शिकलेली व समजूतदार आहे. तिचा एका मुलाकडे कल आहे असे दिसते. मुलगा आपल्याच समाजाचा, हुशार, पण डोक्याने गरम. कॉलेज मधेच सोडून आला. सध्या गावात उचापती करतो. दुसरीकडे पूर्णा येथील रेल्वेत नोकरीस असलेल्या मुलाचे स्थळ आले आहे. कोणाला मुलगी द्यावी? रविवारी उत्तर मिळावे. आपला, एक पालक.”

अक्षर वळणदार, शुद्धलेखन निर्दोष, समासाची रेघ आखलेली. कुणा शिकलेल्या माणसाचं आहे. ताडकळसकडचा कुणी असेल.

वाचून माझं रक्त तापलं. कोण हा नालायक? बापानं पोटाला चिमटा घेऊन शिकवावं आणि यानं कॉलेज सोडून गावात उचापती कराव्यात? वर एका चांगल्या मुलीला नादी लावावं? असली पोरं मला सापडली पाहिजेत.

रविवार, १० फेब्रुवारी

आजचं उत्तर ऐतिहासिक झालं. बाकीचे कार्यक्रम भराभर उरकले. पत्र वाचलं तेव्हा ओट्यावर चिडीचूप. कडूबाईंनी तोंडातलं पान थुंकलं, इतकी शांतता.

मी वकिलासारखा आवाज लावला. “पालकहो, असल्या पोराला दारातसुद्धा उभं करू नका! ज्याला कॉलेज सांभाळता आलं नाही, तो संसार काय सांभाळणार? डोकं गरम असणं हा गुण नाही, तो आजार आहे! रेल्वेतला मुलगा रुळावरून चालतो, हा पोरगा कुठंही जातो! मुलगी रेल्वेला द्या! उशीर करू नका! याच आठवड्यात पाहुण्यांना बोलवा!”

बोलता बोलता टेबलावर बुक्की मारली. भोंग्यात स्फोट झाल्यासारखं वाजलं.

टाळ्या पडतील असं वाटलं होतं. कुणी हललं नाही. सत्यशीला उठून उभी राहिली. खिडकीतून सरळ माझ्याकडं पाहिलं, पालीकडं नाही. डोळे लाल. मग तरातरा निघून गेली. पुढची पत्रं वाचून होईपर्यंत ओटा रिकामा झाला होता.

उत्तर जरा कडक झालं का? पण मुलीच्या भल्याचंच होतं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

मी गाढव आहे. हे वाक्य कुणाच्याही आवाजात लिहीत नाही, माझ्याच आवाजात लिहितो.

सकाळी कडूबाई दारात आल्या. कमरेवर हात. “मुडद्या, सोताच्याच लग्नात सोताच माती कालवलीस?”

“काय झालं?”

“आरं गुर्जीचं पत्तर व्हतं त्ये! पोरगी सत्यशीला, आन् गरम डोस्क्याचा तू! साऱ्या गावाला कळलं, तुलाच तेव्हडं कळलं न्हाई?”

मी मटकन बसलो. मग एकदम लक्षात आलं. “गावाला कसं कळलं? गुरुजींनी पत्र मला... म्हणजे रेडिओला लिहिलं होतं.”

कडूबाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की बालवाडीतल्या पोराकडंही कुणी पाहत नाही. “लेकरा, परभनीच्या रेडिओला माज्या म्हाताऱ्याचं नाव कसं ठावं? पिंपळाखालचा ढीग कसा ठावं? पह्यल्या आइतवारपासून समद्यांना म्हाईत हाय. तुज्या त्या बारीक आवाजाला हसून हसून माजी बरगडी धरली.”

“मग बोलला का नाही कुणी?”

“कामून बोलावं? खरा रेडिओ कुटं आमच्या पत्राला उत्तर देतोय?”

दादा ओसरीवर दोरी वळत बसले होते. त्यांनाही माहीत होतं. मान खाली घालून दोरीच वळत राहिले.

तसाच गुरुजींकडं गेलो. ते वह्या तपासत होते. “ये. कालचं उत्तर ऐकलं. स्पष्ट होतं.”

“गुरुजी, ते मी...”

“तू कुठं? रेडिओ होता तो. पूर्ण्याच्या पाहुण्यांना निरोप धाडला. येत्या रविवारी येतायत. रेडिओच म्हणाला, उशीर करू नका.”

आत भांडी आदळल्याचा आवाज झाला. एक, मग लगेच दुसरं. ते मांजर नव्हतं, एवढं मलाही कळलं.

“रेडिओ चुकला, गुरुजी.”

त्यांनी चष्मा काढला. “चंद्रभान, ती दोन स्थळं परतवून बसली आहे. कारण सांगत नाही. म्हणून विचारलं रेडिओला. म्हटलं, निदान तिथं तरी पोरगा ऐकेल. चुकला असेल तर रेडिओनंच सांगावं. माझ्या कानात सांगून काय उपयोग? गावानं ऐकलंय.”

“सत्यशीलाशी दोन शब्द बोलू का?”

“विचार तिला.”

आतून आवाज आला, “नाही म्हणावं.”

शनिवार, १६ फेब्रुवारी

पाच दिवस काही लिहिलं नाही. तीन पानांचं भाषण तयार केलंय. भगवानराव भेटले, म्हणाले, “उद्या बॅटरी भरून ठिव. माज्या घरचे समदे येणार हायेत.” मी चिडलो नाही. चिडायला जीवच नव्हता.

मागच्या सहा आठवड्यांची पानं वाचून काढली. तिनं अकरा वेळा खिडकीकडं पाहिलं, असं मीच लिहिलंय. उतरलेले सेल, रविवारी मी कुठं जातो, तो राजा, तो घोडा. सगळं माझ्याच अक्षरात आहे आणि मला वाचता आलं नाही. बी.ए. अर्धवट राहिलं यात नवल काय.

रविवार, १७ फेब्रुवारी

पूर्ण्याहून चार माणसं आली होती. गुरुजींच्या अंगणात बाज टाकून बसली. अंगण पंचायतीच्या समोरच, भोंगा थेट त्यांच्या डोक्यावर. मुलगाही आला होता, पांढरा सदरा, भांग पाडलेला, दिसायला सभ्य. मला त्याचा राग यावा म्हणून मी फार प्रयत्न केला. आला नाही.

आज मी खोलीचं दार लावलंच नाही. माईक धरला. भाषणाचे कागद घामानं चिकटले होते, ते बाजूला ठेवले. आवाज कोणता काढावा हा प्रश्न पडला. प्राचार्यांचा, निवेदकाचा, वकिलाचा, सगळे येतात. माझा कसा असतो ते आठवेना.

“मी चंद्रभान लिंबाजी बोलतोय,” मी म्हणालो. फाटका निघाला आवाज.

ओट्यावरून कडूबाई, “आत्ता खरं नाव सांगितलं बग!”

“पंचायतीचा सेट मी बुक्की मारून फोडला. तो परभणीला दुरुस्तीला आहे. चार रविवार तुम्ही मलाच ऐकताय.”

“म्हाईत हाय!” पन्नास जणांनी एकदम सांगितलं.

“मागच्या रविवारी एका वडिलांच्या पत्राला उत्तर दिलं. तो तापट पोरगा मीच. त्याच्याबद्दल जे बोललो त्यातलं बरंच खरं आहे. कॉलेज त्यानं स्वतःच्या मस्तीनं सोडलं. परीक्षेचा फॉर्म भरायला अजून आठ दिवस आहेत. तो परवा परभणीला जाईल, सरांचे पाय धरील, फॉर्म भरील. त्याला मुलगी द्या असं सांगायचा मला अधिकार नाही. पण रेल्वेला द्या हे जे सांगितलं, ते परत घेतो. ते सांगणारा... राजा होता.”

एवढं बोलून थांबलो. अंगणात गुरुजी उठून उभे राहिलेले दिसले. आणि त्यांच्या मागून सत्यशीला निघाली. सगळ्या गावादेखत रस्ता ओलांडला, ओट्यावरच्या बायकांमधून वाट काढली आणि उघड्या दारातून आत आली. माझ्या हातातून माईक घेतला. आवाज बालवाडीतला, चांगला ठणठणीत.

“एक पत्र आणखी आलं आहे. ज्या मुलीबद्दल बापानं विचारलं आणि रेडिओनं सांगितलं, तिला कुणी विचारलं नाही. ती लिहिते: पूर्ण्याचे पाहुणे चांगले आहेत, त्यांनी चहा घेऊन जावं, पण मला हे स्थळ नको. या तापट मुलालाही माझा आज होकार नाही. त्यानं आधी बी.ए. व्हावं. मग मी विचार करीन.”

“विचार करीन म्हणजे?” मी ओरडलो. माईक चालू होता, भोंग्यातून गावभर गेलं.

“म्हणजे विचार करीन.”

“दोन वर्षं शिकून नुसता विचार?”

“बघा, श्रोतेहो,” ती माईकमध्ये म्हणाली, “अजून फॉर्म भरला नाही तर हे असं आहे.”

ओटा कोसळायचा राहिला. हसण्यात भगवानरावांचा आवाज सगळ्यांच्या वर. अंगणातले पूर्ण्याचे म्हातारे बाजेवरून उठले आणि गुरुजींना मोठ्यानं म्हणाले, “गुर्जी, आमी निघताव. पोरीचा काटा दुसऱ्या केंद्रावर बसलाय. खरखर नको.” त्यांचा मुलगा जाताना खिडकीशी आला. “घोडा तूच केलता का? आमच्याकडं पूर्ण्यात लय नाव झालंय त्याचं.” हस्तांदोलन करून गेला.

गुरुजी ओट्याखालूनच म्हणाले, “उत्तर मिळालं.” बस्स, एवढंच. पण चष्मा दोनदा पुसला.

मी माईकचं बटण खाली केलं. मग सत्यशीला जाण्याआधी दारात थांबली आणि हळूच मला एक वाक्य म्हणाली. ते इथंही लिहीत नाही. काही गोष्टी फक्त दोन माणसांत राहायला हव्यात.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

एस.टी.त लिहितोय, अक्षर हलतंय.

सकाळी पिशवी घेऊन निघालो. कडूबाई दारात उभ्या. “जा लेकरा. आधी लिव, मग भांड.”

हे त्यांना कसं...

भगवानराव चावडीपाशी. “चंद्रभान! आधी लिव, मग भांड!” त्यांच्यामागं त्यांचा गडी, तेच. कडूबाईंचा म्हातारा विडी विझवून, तेच. बालवाडीची पोरं ओळीनं उभी राहून कवितेसारखं म्हणाली, “कोणाशी भांडायचं झालं तर आधी मला लिही, मग भांड!” पूर्ण वाक्य, एक शब्द इकडचा तिकडं नाही.

म्हणजे बटण खाली केलं तेव्हा ते बंद नव्हतंच झालं.

सत्यशीला पोरांच्या मागं उभी होती. कानाच्या पाळ्या लाल. पण हलली नाही तिथून. मी वळणाआड होईपर्यंत तशीच उभी होती.

दादा फाट्यापर्यंत आले होते. वाटभर चार पावलं पुढंच चालले. गाडीत चढताना माझी पिशवी हातात देत म्हणाले, “पोरगी म्हणाली ते ध्यानात ठिव.” आणि माझ्याकडं बघून म्हणाले, भाकरीकडं नाही. भाकरी पिशवीत होती.

कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, “तूच का तो?” मी सुटे पैसे मोजायला घेतले.

खिडकीची जागा मी पिशवी ठेवून धरली होती. पुढच्या थांब्यावर एक फेटेवाला चढला, पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि तिथं बसला. वर म्हणतो, “जागा काय तुज्या बापाची हाय?”

मी तोंड उघडलं. बंद केलं. पिशवीतून पोस्टकार्ड काढायला गेलो, पण ती भाकरीखाली दबली होती, म्हणून वहीतच सुरुवात करतो.

प्रिय सत्यशीला,

अजून परभणीही आली नाही आणि एक माणूस भेटलाय. जागा माझी आहे. सगळी हकीकत सविस्तर लिहितो, तोवर मी त्याला काही बोलणार नाही. उत्तर लवकर पाठव, कारण तो परभणीपर्यंत जाणारा दिसत नाही, मध्येच उतरेल.